ध्वनिपेटी सोडविताना संगणक का कोलमडतो?



गोसीखुर्दच्या धरणामुळे वैनगंगेकाठची कित्येक गावे उठली. घरे दुसरीकडे बांधता आली. परंतु जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या ओठी आहेत त्या वृद्धा आता थकत चालल्या आहेत. अशा एका आजीला नव्या गावातील ओसरीवर बसवून कोणी तिचा आवाज संगणकात उतरवून घेत आहे, अशी कल्पना करा. तासभर ओव्या झाल्या. आजी पाणी प्यावयास उठली आणि या गृहस्थाने घाईने ध्वनिपेटीची यूएसबी तार उपसली. तत्क्षणी पडदा निळा झाला आणि संगणक थांबला. जतन न केलेल्या ओव्या गेल्या. आजी त्या पुन्हा तशाच म्हणेल याचा काय भरवसा? असे का घडते, आणि कसे टाळावे, एवढाच आजचा विषय आहे.

चालू यंत्राला उपकरण जोडावे आणि सोडावे, याच हेतूने यूएसबीची योजना १९९६ साली पुढे आली. तिच्या निर्मात्यांत बडोद्यात जन्मलेले अजय भट्ट होते. तथापि योजना चांगली असली तरी ती पाळणारा आज्ञासंच चांगला असावा लागतो. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथे बिल गेट्स यांच्या समक्ष विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असता, स्कॅनर जोडताच संगणक कोलमडला होता. तेथे जोडताना घडले, येथे सोडताना घडते, इतकाच फरक.

ध्वनीचा प्रवाह नळाच्या धारेसारखा अखंड असतो. यूएसबीवर सेकंदाच्या हजाराव्या भागात, जलद प्रकारात आठ हजाराव्या भागात, एकेक फेरी होते. म्हणून ड्रायव्हर नावाचा आज्ञासंच संगणकाच्या स्मृतीत रिकाम्या घागरी आधीच रांगेने मांडून ठेवतो. तार उपसली की नळ बंद होतो, पण मांडलेल्या घागरींचा हिशेब उरतो. शहाणा ड्रायव्हर आधी नवी मांडणी थांबवितो, मग अपुऱ्या घागरी परत घेतो, आणि शेवटी जागा मोकळी करतो. कच्चा ड्रायव्हर जागा आधीच सोडून देतो. ती दुसऱ्याला मिळते, आणि मागाहून आलेले काम तिच्यावरच जाऊन आदळते. धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी खालच्या गावांना इशारा द्यावयाचा असतो. क्रम उलटला तर अनर्थ होतो, तसेच हे. बहुधा ड्रायव्हर संगणकाच्या गाभ्यातच काम करतो. तेथे घोटाळा दिसताच, अधिक नासाडी होऊ नये म्हणून यंत्र स्वतःच थांबते.

आता निदान. केवळ ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रम गोठला व बाकीचे चालू राहिले, तर दोष बहुधा त्या कार्यक्रमाचा. पडदा निळा, अथवा विंडोजच्या नव्या आवृत्तीत काळा, झाला, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. त्या पडद्यावर कधी कधी दोषी फाइलचे नावही येते, ते टिपून ठेवावे. कोणताही संदेश न येता यंत्र एकदम विझले, तर तार, खोबण किंवा वीज तपासावी. दुसरी तार व दुसरी खोबण लावून पाहावी, मधला हब काढावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाही तर गुण कशाने आला ते कळत नाही.

उपाय साधे आहेत. ध्वनिपेटीच्या निर्मात्याचा नवा ड्रायव्हर घालावा. तेवढ्याने न भागल्यास आणि पेटी सर्वसामान्य यूएसबी ध्वनिनियमांप्रमाणे चालणारी असल्यास, निर्मात्याचा ड्रायव्हर काढून विंडोजमधील मूळचा वापरून पाहावा. तोवर हाताला क्रम लावावा : मुद्रण थांबवा, फाइल जतन करा, कार्यक्रम बंद करा, आवाजासाठी संगणकाचे अंगचे उपकरण निवडा, आणि मगच तार काढा. लांब मुद्रणात अधूनमधून थांबून जतन करीत जावे.

खरे पाहता तार उपसणाऱ्याचा हा दोष नव्हे. अवचित जाणाऱ्या पाहुण्यालाही नीट निरोप देता यावा, हे ड्रायव्हरचे कर्तव्य होय. परंतु तो सुधारेपर्यंत आजीच्या ओव्या थांबणार नाहीत. म्हणून निघण्यापूर्वीची निरवानिरव आपणच केलेली बरी.