गाडीचं काळं प्लास्टिक पांढरं पडलं? डिझेल मारण्याआधी हे वाचा

गोंदिया : गाडी विकायला काढली की आदल्या संध्याकाळी एक काम हमखास होतं. जुन्या बनियनची चिंधी, झाकणात थोडं डिझेल, आणि पांढुरका पडलेला बंपर, मडगार्ड, आरशाची पाठ घासून घासून काळीभोर. सकाळी गिऱ्हाईक येतं तेव्हा गाडी जणू कालच शोरूममधून आणलेली. आठ दिवसांनी पहिल्यांदा गाडी धुतली की तेच प्लास्टिक पुन्हा राखेच्या रंगाचं. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

विकणारेच असं करतात असं नाही. स्वतःची गाडी स्वतःच वापरणारेही दर महिन्याला डिझेल, रॉकेल, खोबरेल नाहीतर इंजिनमधून काढलेलं जुनं ऑईल फिरवतात. काळेपणा येतो आणि जातो. तो जातो कुठे आणि टिकवायचा कसा, हे एकदा समजून घेतलं तर पैसेही वाचतात आणि गाडीचं प्लास्टिकही.

रंग उडत नाही, वरची कातडी मरते

पत्र्यावर रंगाचा थर चढवलेला असतो. काळ्या प्लास्टिकचं तसं नाही. तुटलेल्या मडगार्डचा तुकडा घेऊन त्याची कड बघा, आतपर्यंत काळाच. म्हणजे वरचं पांढरेपण हे रंग उडाल्याचं लक्षण नाही.

गाडीचं हे प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं. नाव अवघड असलं तरी वस्तू ओळखीची आहे. खताची, तांदळाची पांढरी विणलेली बोरी याच प्लास्टिकची. ही बोरी धुऱ्यावर उन्हात पडून राहिली की काही महिन्यांत हात लावताच भुगा होतो, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलं आहे. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात आणि वस्तू ठिसूळ होते. गाडीच्या प्लास्टिकमध्ये काजळीसारखी बारीक कार्बनची पूड मिसळलेली असते. ती ऊन स्वतःवर घेते, म्हणून बंपरचा बोरीसारखा भुगा होत नाही. शेतातला पाण्याचा काळा पाईप वर्षानुवर्षं उन्हात टिकतो तोही याच पुडीमुळे. त्या पाईपात कार्बनचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

तरीही अगदी वरची कातडी, केसाच्या जाडीच्या हिशेबातली, हळूहळू मरतेच. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. काच पारदर्शक असते, पण तिचा चुरा केला की पांढरा दिसतो, कारण चुऱ्यावर उजेड चारी दिशांना फाकतो. भेगाळलेल्या प्लास्टिकवर नेमकं हेच होतं. खाली काळं आहे, पण डोळ्यांपर्यंत पांढुरका उजेड येतो.

याचा पुरावा पावसाळ्यात फुकट मिळतो. पावसात भिजलेली गाडी काळीकुळकुळीत दिसते आणि वाळली की पुन्हा पांढुरकी. भेगांमध्ये पाणी भरलं की उजेड फाकत नाही, एवढीच ती गंमत. डिझेल आणि तेल यापेक्षा वेगळं काही करत नाहीत. ती फक्त पाण्यापेक्षा उशिरा उडतात.

आपल्या भागात हा त्रास जास्त का, याला मोठं संशोधन नको. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, नवतपा लागला की काळ्या प्लास्टिकला हात लावला तरी चटका बसतो. गाड्या मात्र बाजारात, बांधीच्या कडेला, धान खरेदी केंद्रासमोर दिवसभर उघड्यावर. त्यात एक अन्यायही आहे. कंपनी महागड्या मॉडेलला बंपर, आरसे, दाराचे हँडल बॉडीच्या रंगात रंगवून देते आणि सर्वांत स्वस्त मॉडेलला तेच बरेचदा काळं ठेवते. छोटा हत्ती आणि मालवाहू गाड्यांचं तर विचारूच नका. ज्याची गाडी स्वस्त, त्याच्या गाडीवर उन्हाला खायला काळं प्लास्टिक जास्त.

डिझेलने बिघडतं काय?

पहिली गोष्ट, धूळ. डिझेलचा चिकट थर कच्च्या रस्त्याची माती आणि राईस मिलजवळचा कोंडा धरून ठेवतो. दोन दिवसांत काळ्यावर तपकिरी लेप. मग पुन्हा घासा, पुन्हा मारा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पॉलिप्रॉपिलीन स्वतः खनिज तेलापासून बनलेलं. त्यात डिझेल-रॉकेल थोडं थोडं मुरतं, गरमीत जास्तच, आणि प्लास्टिक फुगून मऊ पडतं. रबराची पट्टी, वायरचं कव्हर यांचीही तीच गत. पेट्रोल किंवा थिनर हेडलाईटच्या पारदर्शक काचेला लागलं तर तिथे जाळीसारखे तडे जाऊ शकतात, कारण ती काच खरी काच नसून बहुतेक वेळा प्लास्टिकच असते. शिवाय गरम सायलेन्सरजवळ तेलाने भिजलेली चिंधी फिरवणं हे काम शहाणपणाचं नाही.

जुन्या ऑईलबद्दल तर बोलायलाच नको. त्यात जळका कचरा आणि धातूचे बारीक कण असतात, आणि वारंवार हाताला लागत राहिलं तर त्वचेला घातक. हीच गाडी पुढे मामा तलावाच्या पाळीवर धुतली जाते. ऑईल पाण्यावर पसरतं. त्याच तलावात कुणाची मासोळी असते, कुणाचा शिंगाडा.

खोबरेल या सगळ्यांत कमी नुकसान करतं, हे खरं. पण टिकत तेही नाही. परदेशात काही लोक शेंगदाण्याचं लोणी लावतात म्हणे, तोही तेलाचाच खेळ. खाण्याची वस्तू खाल्लेली बरी.

आधी खात्री करा, प्लास्टिक खरंच उन्हाने गेलं आहे का

बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुऊन उन्हातच वाळवली तर क्षाराचे पांढरे डाग बसतात. ते थेंबांच्या आकाराचे, गोल कडांचे असतात. उन्हाने गेलेलं प्लास्टिक मात्र सगळीकडून सारखं फिकं आणि वरच्या बाजूला जास्त असतं. डाग क्षाराचे असतील तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून कापडाने पुसा, दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. काम तिथेच संपतं, बाटली आणायची गरज नाही.

आणखी एक पांढरेपण माणसानेच केलेलं असतं. पत्र्याला लावायचं पांढरं पॉलिश काळ्या प्लास्टिकच्या दाणेदार भागात अडकतं आणि वाळून खडूसारखं दिसतं. ते जुन्या टूथब्रशने, शाम्पूच्या कोमट पाण्यात घासून निघतं.

मग करायचं काय?

सगळं यश धुण्यात आहे. बाटली कितीही महाग आणा, खाली धूळ आणि जुनं तेल राहिलं तर ती चार दिवसही टिकणार नाही. वॉशिंग सेंटरवालेही घाईत नेमकी हीच पायरी उडवतात.

सकाळी, सावलीत, गाडी थंड असताना सुरुवात करा. गाडीच्या शाम्पूने धुवा. कपड्याची पावडर नको, ती कडक असते आणि पत्र्याच्या रंगाची चमकही उतरवते. दाणेदार प्लास्टिकवर टूथब्रश गोल गोल फिरवा. निघणारा फेस काळा-तपकिरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा. आधी डिझेल मारलेली गाडी असेल तर तीन-चार वेळा करावं लागेल, कंटाळा येईल, पण करा. मग पूर्ण वाळू द्या. सांध्यांत पाणी दडून बसतं, तिथे कापडाचं टोक घाला. शेवटी मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटचा हलका हात द्या, म्हणजे उरलंसुरलं तेल निघतं. स्पिरिट हेडलाईटला आणि पत्र्याच्या रंगाला लावू नका, आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा.

आता बाटलीचा प्रश्न. दुकानात "ट्रिम", "डॅशबोर्ड", "टायर" अशा नावांनी दहा बाटल्या दिसतात, पण आतला माल ढोबळमानाने दोन जातींचा. एक सिलिकॉनचा. तो भेगा भरतो, काळेपणा देतो, काही आठवडे राहतो. यात दुधासारखा पांढरा, पाण्यात बनवलेला माल घ्यावा. पारदर्शक तेलकट माल चकाकतो जास्त आणि धूळही तितकीच धरतो. दुसरी जात कोटिंगची. ते वाळून प्लास्टिकवर घट्ट बसतं, धुण्याने जात नाही आणि महिनोन्‌महिने टिकतं. महाग असतं, बाटली लहान असते, पण काही थेंबांत एक मडगार्ड होतं. कोणतंही घ्या, बाटलीवर अतिनील किरणांपासून संरक्षण, म्हणजे यूव्ही प्रोटेक्शन, लिहिलं आहे का ते बघा. नसेल तर ते नुसतं महागडं खोबरेल समजा.

लावताना माल थेट गाडीवर ओतू नका. स्पंजच्या तुकड्यावर थोडासा घ्या, एकसारखा पसरवा, बाटलीवर सांगितलेल्या वेळेनंतर जादा राहिलेला कोरड्या कापडाने पुसा. ही पुसण्याची पायरी चुकली तर ओघळ दिसतात. कोटिंग असेल तर हातमोजे घाला, शेजारच्या पत्र्याला चिकटपट्टी लावा आणि रात्रभर, शक्यतो पूर्ण दिवस, पाणी लागू देऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन तापायच्या आत हे काम केलं तर सगळ्यात जास्त फायदा. रोवणीच्या दिवसांत करण्यात अर्थ नाही. चिखलात गाडी रोज धुवावी लागते.

हे भाग मात्र सोडा

सिलिकॉन निसरडं असतं. फुटरेस्ट, स्कुटीचा पाय ठेवायचा भाग, ब्रेकचा पायडल, हँडलची पकड, सीट, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग, यावर ते अजिबात नको. ब्रेकच्या डिस्कला थेंबभर जरी उडाला तरी ब्रेक लागणार नाही, आणि ते कळेल तेव्हा समोर कोणीतरी आलेलं असेल. म्हणूनच गाडीवर थेट फवारा मारू नये. लाल-पिवळे रिफ्लेक्टरही पुसून कोरडे ठेवा.

हीट गन आणि रंग

मोबाईलवर व्हिडिओ फिरतात. हीट गनची गरम हवा पांढऱ्या बंपरवर मारली आणि बघता बघता काळा. खोटं नाही ते. वरचा भेगाळ थर वितळून पुन्हा सपाट होतो. पण पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि हीट गनची हवा ३०० अंशांच्या पुढे सहज जाते. हात एका जागी क्षणभर जास्त थांबला की दाणेदारपणा गेला, चकाकता डाग कायमचा. पातळ भाग वाकडा होतो तो वेगळाच. शिवाय संरक्षण काहीच मिळत नाही, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. पेट्रोलच्या टाकीजवळ, वायरिंगजवळ तर विचारही नको. गॅसच्या ज्योतीने करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडून परत पाठवावं.

रंग मारायचा असेल तर भाग काढून त्याच्या आतल्या बाजूला बघा. तिथे कोरलेली अक्षरं असतात. "पीपी" असं असेल तर तो पॉलिप्रॉपिलीन, त्यावर साधा रंग धरतच नाही, कागदासारखा निघतो. आधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर हवा. "एबीएस" असेल तर काम सोपं. रंगवाल्याने प्रायमरचं नाव काढलं नाही तर दुसरा रंगवाला शोधा, कारण एकदा सोलायला लागलेला रंग पूर्वीच्या पांढरेपणापेक्षा वाईट दिसतो.

जुनी गाडी घेताना

खिशात पांढरा रुमाल ठेवा. काळ्या प्लास्टिकवर अंगठ्याने दाबून फिरवला आणि रुमाल तेलकट झाला तर गाडी कालच सजवलेली आहे. नाकालाही कळतं, डिझेलचा वास लपत नाही. सीटखाली, नंबर प्लेटच्या मागे, ऊन न पोहोचणाऱ्या जागी मूळ रंग दिसतो, त्याच्याशी बाहेरचा ताडून बघा.

प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बरेचदा घड्याळासारखा गोल शिक्काही असतो. त्यावर तो भाग बनल्याचं वर्ष आणि महिना कळतो. गाडी जुनी आणि मडगार्ड तिच्यापेक्षा दोन वर्षांनी नवं निघालं, तर ते का बदललं हे विकणाऱ्याला विचारा. गाडी कुठेतरी पडली किंवा धडकली असण्याची शक्यता आहे. क्लिपा आणि स्क्रूची भोकं तपासा. तिथे तडे असतील तर प्लास्टिक आतून ठिसूळ झालेलं आहे, त्याला कोणतीही बाटली वाचवणार नाही.

पण नुसतं पांढरं पडलेलं प्लास्टिक बघून चांगली गाडी सोडू नये. इंजिनला त्याने काही होत नाही. उलट भाव पाडायला ते बरं कारण आहे. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर जुळतो का, हे बघण्यात वेळ घालवलेला जास्त कामाचा.

सावलीची गोष्ट

घरी छप्पर नसेल तर गाडीचं तोंड रोज एकाच दिशेला ठेवू नका. दुपारनंतरचं ऊन ज्या बाजूवर पडतं तीच बाजू आधी पांढरी पडते. जुन्या चादरीचा झाकणासारखा वापर केला तरी फरक पडतो, फक्त ती धुळीने भरलेली नको, नाहीतर वाऱ्याने हलून पत्र्यावर ओरखडे उमटतात. झाडाखाली लावत असाल तर पाखरांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या कापडाने काढा, उन्हात वाळली की तिचा डाग सहज निघत नाही.