जळालेल्या मोटारीची साक्ष



सोलापूर हे मागांचे गाव. १८७७ साली येथे जुनी गिरणी चालू झाली. त्या काळी वाफेचे एंजिन सबंध गिरणी हलवीत असे. छताखालच्या लांब दांड्यांवरून पट्टे उतरत आणि मागांना गती देत. त्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. आज चादर व टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागाला बहुधा त्याची स्वतंत्र लहान मोटार असते. ती जळाली की माग उभा राहतो, आणि नगावर काम करणाऱ्याची मजुरीही उभी राहते. त्यात लगेच प्रश्न निघतो : मोटार जाळली कोणी? कामगार चळवळीत आम्ही हा प्रश्न अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर आवाज चढवून मिळत नाही; ते मोटारीच्या पोटात लिहिलेले असते. ते वाचावे कसे, एवढाच आजचा विषय.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. मोटारीत पोलादी पत्र्यांच्या थप्पीला खाचा असतात व त्यांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. तारेवर एनॅमलचा लेप, खाचेत अस्तर आणि वरून वार्निश, या तिहींच्या बंदोबस्तामुळे वीज आपली वाट सोडीत नाही. बाजारात ‘आर्मेचर’ म्हटले की ड्रिलमधला किंवा मिक्सरमधला फिरणारा भाग समजतात. त्याच्या टोकास तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर असतो व त्यावर कार्बनचे ब्रश घासतात. मागाच्या तीन फेजच्या मोटारीत मात्र पुरवठ्याची वीज घेणारे वाइंडिंग बाहेरच्या स्थिर भागात असते. रचना निराळी, पण रोग तेच तीन : तार तुटणे, तार लोखंडी अंगाला लागणे आणि शेजारचे वेढे एकमेकांस भिडणे.

तपासणीपूर्वी वीजपुरवठा पूर्णपणे तोडावा. मग पहिली चाचणी डोळ्यांची व नाकाची. जळलेल्या वार्निशचा वास लपत नाही.

दुसरी चाचणी मीटरची. तिन्ही फेजचा रोध जवळजवळ सारखा भरला पाहिजे. आर्मेचरमध्ये कम्युटेटरच्या लगतच्या दोन-दोन पट्ट्यांमधले आकडे सारखे यावेत. कोठे तार तुटली असेल तर ती येथे सापडते.

तिसरी चाचणी मेगरची. मागाच्या मोटारीसाठी ५०० व्होल्टचा मेगर घेऊन वाइंडिंग आणि मोटारीचे अंग यांमधला रोध पाहतात. जुना दंडक असा की, तो निदान एक मेगोह्म, म्हणजे दहा लाख ओहम, असावा. आकडा कमी आला म्हणजे मोटार मेलीच असे नव्हे. पावसाळ्यात वाइंडिंगला ओल धरते. ते नीट वाळवून पुन्हा पाहावे.

तिसरा रोग सर्वांत फसवा. दोन वेढे एकमेकांस चिकटले तरी तार तुटलेली नसते आणि अंगालाही लागलेली नसते. मेगर निर्दोष म्हणतो, आणि एखाद-दुसऱ्या वेढ्याने साध्या मीटरच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. येथे ग्राउलर लागतो. हे प्रत्यावर्ती विजेवर चालणारे चुंबक. आर्मेचर त्यावर ठेवून करवतीचे पाते एकेका खाचेवर धरीत जावे. चिकटलेल्या वेढ्यांचे बंद कडे झालेले असते. त्यात वीज उपजते आणि त्या खाचेवर पाते थरथरून गुणगुणू लागते. स्थिर वाइंडिंगच्या आत धरावयाचा लहान ग्राउलरही मिळतो. मात्र आधी फेजच्या जोडण्या सोडाव्या लागतात. बदलत्या चुंबकत्वातून वीज उपजते हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखविले. तो लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करताना तीच पुस्तके वाचून शिकला. शाळा सुटली म्हणजे विद्या सुटली असे मानणाऱ्यांनी त्याची आठवण ठेवावी.

आता जळालेल्या वाइंडिंगची साक्ष. सबंध वाइंडिंग सारखेच काळे पडले असेल, तर मोटारीवर भार जास्त झाला, दाब कमी मिळाला किंवा तिला गारवा मिळाला नाही. सुताची लव मोटारीवर साचली की उष्णता बाहेर पडत नाही, आणि सोलापूरचा उन्हाळा तर आपण जाणतोच. दर दहा अंश जादा उष्णतेने इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. स्टार जोडणीत दोन फेज जळून एक स्वच्छ राहिला, किंवा डेल्टा जोडणीत एकच फेज जळून दोन स्वच्छ राहिले, तर बहुधा पुरवठ्याचा एक फेज तुटला होता. फ्यूज, स्विच आणि तारांची जोडणी तपासावी. एकच वेटोळे जळले असेल, तर वेढ्यांचे इन्सुलेशन फुटलेले असावे. या शेवटच्या दोन गोष्टी सहसा मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातच्या नसतात. पण पहिल्या प्रकारात, माग अडकत असतानाही तो रेटला असेल, तर कामगाराचीही जबाबदारी येते, आणि ती आम्ही नाकारीत नाही.

कायद्याचे म्हणणेही असेच आहे. कामगाराच्या हवाली केलेल्या वस्तूचे नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीने झाले असेल, तरच त्याबद्दल वेतनातून कपात करता येते. आणि तीही त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावरच. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यातले हे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. परंतु बाजू मांडावयाची तर पुरावा हवा.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मोटार जळाली की ती दुकानात धाडण्यापूर्वी मालक आणि कामगार, दोघांच्या देखत उघडावी. कोणता फेज काळा आहे, कोणता स्वच्छ आहे, मेगर काय दाखवितो, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. या कामाला थोडा वेळ लागतो, पण तो त्याच दिवशी दिला पाहिजे. कारण वाइंडरने जुनी तार उपटून भंगारात टाकली की साक्ष संपली. मग उरतो तो केवळ आरोप. आणि तोच दोष राहिला असेल तर नवी तारही पुन्हा जळते.