गाळ्यातला बिलाचा प्रोग्रॅम

1 एप्रिल 2005 ला महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन व्हॅट आला. भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत स्टीलची भांडी बनवणारा एक गाळा आहे. त्याचा बिलाचा प्रोग्रॅम तेव्हा माझ्याकडे दुरुस्तीला आला, तो आजही माझ्याकडेच आहे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइनचं माझं खरं शिक्षण याच प्रोग्रॅमवर झालं, आणि कोणता धडा कधी घ्यायचा हे बहुतेक वेळा कर खात्याने ठरवलं.

वर्गात शिकलेले शब्द सगळे तोंडपाठ होते. उदाहरणं मात्र कुत्रा-मांजर, नाहीतर वर्तुळ-चौकोन अशी. कुत्रा हा प्राणी आहे, म्हणून त्याचा क्लास प्राण्याच्या क्लासमधून काढायचा. या उदाहरणांनी एका अख्ख्या पिढीचं नुकसान केलं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांत कधीच काही बदलत नाही. आणि जिथे काही बदलत नाही तिथे चांगलं डिझाइन कोणतं आणि वाईट कोणतं हे कळायला वावच उरत नाही.

गाळ्याच्या प्रोग्रॅमची विभागणी कामाच्या क्रमाने केलेली होती: बिल बनवा, माल परत घ्या, महिनाअखेरचं रजिस्टर काढा. कराचं गणित तिन्ही ठिकाणी वेगवेगळं लिहिलेलं. व्हॅट आला तसं तिन्ही ठिकाणी हात घालावा लागला. त्याच सुमारास डेव्हिड पार्नास यांचा 1972 चा निबंध हाती आला. शब्दांची एक सूची बनवणारा छोटा प्रोग्रॅम घेऊन ते तो दोन तऱ्हांनी विभागून दाखवतात: एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे आणि एकदा पुढे बदलू शकतील अशा निर्णयांप्रमाणे. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक भाग एकेक निर्णय स्वतःच्या पोटात लपवतो आणि तो बदलला तर बाकीच्यांना पत्ता लागत नाही. निबंधात क्लास नाही, इन्हेरिटन्स नाही. तरीही ऑब्जेक्ट कशासाठी असतात हे इतकं नेमकं मला दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नाही. आज कुणी विचारलं तर मी पहिलं वाचन हेच सुचवते.

दुसरा धडा जॉबवर्कचा, आणि तो जास्त खोल गेला. भांडं घडलं की बफिंगसाठी दुसऱ्या गाळ्यात जातं, चकाकी घेऊन परत येतं. सोबत चलन जातं. मालकी बदलत नाही, म्हणून ती विक्री नाही. प्रोग्रॅममध्ये मात्र चलन म्हणजे बिलाचाच एक प्रकार धरलेला होता, शून्य कराचं बिल. दिसायला दोन्ही कागद सारखेच: वर पार्टीचं नाव, खाली मालाची यादी. पण विक्रीची बेरीज करणारा कोड प्रत्येक बिलाला रक्कम विचारी, आणि चलनापाशी येताच त्याला ‘हे चलन तर नाही ना’ अशी वेगळी चौकशी करावी लागे. अशा चौकशा कोडभर पसरलेल्या होत्या.

बार्बरा लिस्कॉव्ह यांनी 1987 साली मांडलेलं तत्त्व इथे तंतोतंत लागू पडत होतं. एखादी गोष्ट दुसरीचा प्रकार म्हणायची, तर दुसरीकडून जी जी अपेक्षा ठेवतो ती तिने पुरी केली पाहिजे. चलन ती पुरी करत नव्हतं. ते बिलापासून तोडून स्वतंत्र केलं आणि त्या चौकशा गळून पडल्या. पुढे जीएसटीच्या कायद्यात चलनाला स्वतःचं आयुष्यच मिळालं: जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरतात. किती दिवस झाले हे आता चलन स्वतःच सांगतं.

मधे एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली आणि गेली, तिचा फार त्रास झाला नाही. 1 जुलै 2017 चा जीएसटी मोठा होता. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, वापीचं असेल तर आयजीएसटी. ‘डिझाइन पॅटर्न्स’ या 1994 च्या पुस्तकातला स्ट्रॅटेजी पॅटर्न आधी वाचला तेव्हा तो मला उगाच वाढवलेला पसारा वाटला होता. आता तो समोर गरज म्हणून उभा होता. बिलाने फक्त ‘कर किती’ एवढंच विचारायचं, उत्तर कोणत्या नियमाने काढायचं ते कराच्या ऑब्जेक्टने बघायचं.

या बदलाआधी मार्टिन फाउलर यांचं ‘रिफॅक्टरिंग’ आणि मायकेल फेदर्स यांचं जुन्या कोडवरचं पुस्तक पुन्हा वाचून काढलं. दोघांचा आग्रह एकच: चालता कोड हलवण्याआधी त्याचं आजचं वागणं चाचण्यांत बांधून ठेवा. आमच्याकडे सर्वांत भरवशाची चाचणी कपाटातच होती, मागच्या वर्षांची छापील रजिस्टरं. प्रत्येक लहान बदलानंतर जुनी बिलं पुन्हा चालवायची आणि बेरीज पैशापर्यंत जुळते का ते पाहायचं. पूर्णांक करणं ओळीगणिक की बिलाअखेर, हा प्रश्न त्यातूनच वर आला आणि पैशाचा वेगळा क्लास जन्माला आला.

22 सप्टेंबर 2025 ला 12 टक्क्यांचा टप्पा गेला आणि स्टीलची भांडी 5 टक्क्यांवर आली. दरांच्या तक्त्यात तारखेसह एक ओळ वाढली, कोडला हात लागला नाही. ऑगस्टचा माल ऑक्टोबरमध्ये परत आला, त्याची क्रेडिट नोट आपसूक 12 टक्क्यांनी निघाली, कारण दर ठरतो तो मूळ बिलाच्या तारखेवर.

सध्या विषय ‘पार्टी’चा आहे. शेजारचा गाळा कधी आमच्याकडून माल घेतो, कधी पत्रा देतो, कधी बफिंग करतो, आणि प्रोग्रॅममध्ये त्याची तीन खाती आहेत. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1989 मध्ये सुचवलेली कार्डं घेऊन अकाउंटंटबरोबर बसते आहे. एका कार्डावर एक क्लास, त्याची जबाबदारी, त्याचे सोबती. ‘पार्टी एकच, नाती तीन,’ असं अकाउंटंटचं म्हणणं आहे. मला ते पटतं. उधारीची मर्यादा मात्र पार्टीच्या कार्डावर लिहायची की नात्याच्या, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.