कृष्णाकाठची जुनी खुळं

औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जाणाऱ्यांना शेजारचं अंकलखोप चांगलं ठाऊक असतं. ऊस, काळी जमीन, पावसाळ्यात धाकात ठेवणारी कृष्णा, असं हे पलूस तालुक्यातलं गाव. भारतातली पहिली सर्कस काढणारा माणूस याच गावचा, हे मात्र सांगली जिल्ह्यातही फार थोड्यांना माहीत असेल.

त्याचं नाव विष्णुपंत छत्रे. पेशा चाबुकस्वाराचा, म्हणजे घोडे फिरवून, शिकवून तयार करायचे. तरुणपणी त्यांनी ग्वाल्हेर गाठलं आणि तिथे दोन विद्या एकदम धरल्या. एक घोड्याची, दुसरी गाण्याची. गाण्यातले गुरू तर थेट हद्दू खाँ. सकाळी पागा आणि संध्याकाळी तंबोरा असा अभ्यासक्रम आजच्या कुठल्याही विद्यापीठाला सुचायचा नाही.

१८७९ साली कियारिनी नावाचा इटालियन गृहस्थ आपली ‘रॉयल इटालियन सर्कस’ घेऊन मुंबईत आला. हिंदुस्थानी माणसाला अशी सर्कस काढायला अजून बराच अवकाश आहे, असं तो म्हणाला आणि विष्णुपंतांना ते झोंबलं, अशी गोष्ट सांगतात. ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला थोडं तिखटमीठ लागलेलं असणारच. तारखेला मात्र तिखटमीठ लागत नाही. पुढच्याच वर्षी, १८८०मध्ये, छत्र्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ मुंबईत उभी राहिली.

हे इतक्या झटपट जमलं, कारण मूळ सर्कस म्हणजे घोड्यांचाच खेळ. वाघ-सिंह नंतरचे. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप ॲस्टली नावाच्या निवृत्त घोडेस्वारानं गोल रिंगणात घोडा पळवून पाठीवर उभं राहायचा खेळ सुरू केला. रिंगण लहानमोठं करत करत तो ४२ फूट व्यासावर येऊन थांबला. जगभरच्या सर्कशींचं रिंगण आजही बहुधा तेवढंच असतं.

या ४२ फुटांत खरी गंमत आहे. त्रिज्या २१ फूट, म्हणजे साधारण ६.४ मीटर. घोडा ताशी १८ किलोमीटरच्या बेतशीर दौडीनं पळाला तर एक फेरी आठ सेकंदांत होते. एवढ्या लहान वर्तुळात फिरताना स्वाराला बाहेर फेकलं गेल्यासारखं वाटतं. त्या ओढीला तोल देण्यासाठी घोडा आणि स्वार दोघेही आत झुकतात. गणित केलं तर हे कलणं सुमारे २२ अंशांचं येतं. त्या कलत्या अवस्थेत स्वाराचे पाय घोड्याच्या पाठीवर नेहमीपेक्षा आठ टक्के जास्त जोरानं टेकतात. साठ किलोचा माणूस त्या आठ सेकंदांपुरता जवळपास पासष्ट किलोचा होतो. सरळ रस्त्यावर पळत्या घोड्याच्या पाठीवर उभं राहणं त्यामुळे जास्त अवघड, आणि रिंगणात, घोडा एका लयीत पळत असेल तर, तुलनेनं सोपं. रिंगण आणखी लहान केलं तर घोडा घसरतो, मोठं केलं तर ही ओढ ढिली पडते. ॲस्टलीनं हे सूत्र मांडून काढलं नव्हतं. पडून-उठून काढलं होतं. घोड्याची लय ओळखणं हाच धंदा असलेल्या चाबुकस्वाराला ते समजायला किती वेळ लागणार?

सर्कशीचं खूळ मग या भागात साथीसारखं पसरलं. म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची ग्रँड सर्कस निघाली. विष्णुपंत १८८७च्या सुमारास केरळात तलश्शेरीला पोचले तेव्हा तिथले व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हीकण्णन त्यांना भेटले. कसरतपटू तयार करायचं काम कुन्हीकण्णन यांनी अंगावर घेतलं आणि पुढे १९०१ साली तलश्शेरीजवळ चिरक्करा इथे सर्कशीची शाळाच काढली. नंतरची कित्येक दशकं भारतीय सर्कशीतले झुल्यावरचे कलावंत बहुतेक करून मल्याळी असत, त्याचं मूळ या भेटीत आहे.

गाणंही विष्णुपंतांनी सोडलं नव्हतं. गुरूंचे चिरंजीव रहिमत खाँ व्यसनानं आणि विमनस्कतेनं पार भरकटले होते. ते काशीत सापडले तेव्हा विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. तंबूत वाघाची डरकाळी आणि रात्री मैफलीत खाँसाहेबांची तान! संगीताच्या इतिहासात असा आश्रयदाता दुसरा दाखवणं कठीण. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशिनाथपंतांनी खाँसाहेबांना सांभाळलं. ‘भूगंधर्व’ म्हणून गाजलेला हा गवई १९२२ साली कुरुंदवाडला वारला. त्याआधी त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या, म्हणून आज तो आवाज निदान ऐकता तरी येतो. सर्कशीच्या पैशानं जगलेलं गाणं सर्कशीपेक्षा जास्त टिकलं. वाघ, सिंह, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर १९९८ साली सरकारनं बंदी घातली, २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. ती योग्यच होती. पण तंबूतली गर्दी मुळात जनावरांसाठी यायची, हेही खरं.

त्याच काळातलं दुसरं वेड सायकलीचं. १८८५च्या आसपास दोन सारख्या चाकांची सायकल आली, १८८८ साली डनलपनं हवेचा टायर आणला आणि सगळं जग पायडल मारायला लागलं. विलायतेतल्या काही डॉक्टरांनी तर तोल सांभाळायच्या ताणानं चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो, असा ‘सायकल-चेहरा’ नावाचा आजारही शोधून काढला होता. मुंबईत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकल पाहिली आणि बेळगावात भावासोबत सायकलींचं दुकान काढलं. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये. शिकवणीचे वेगळे पंधरा रुपये! सायकल नेमकी पडत का नाही, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळे ती उभी राहते असं पूर्वी मानत. २०११ साली युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांनी तो परिणाम काढून टाकलेली सायकल बनवली, तर तीही स्वतःहून उभी धावली. ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल वळवायचं, ही मुख्य गोम. शिकाऊ माणूस नेमकं उलटं करतो. लक्ष्मणरावांच्या पंधरा रुपयांत बहुधा हेच शिकायला मिळत असणार.

लक्ष्मणराव खरं तर मुंबईला चित्रकार व्हायला गेले होते. पण त्यांना रंगांधळेपणा होता. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांतल्या लाल किंवा हिरव्यासाठीच्या प्रकारात जन्मजात खोट असली की लाल-हिरव्याचा घोळ होतो. त्यासाठीची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा प्रकार बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. रंग सोडून लक्ष्मणरावांनी यंत्रांची रेखाटनं धरली. सायकलीवरून ते नांगरावर आले. बेळगावच्या कारखान्याची जागा सोडायची पाळी आली तेव्हा मदतीला धावले औंधचे राजे. कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगानं भरलेला माळ त्यांनी देऊ केला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. तीही आज पलूस तालुक्यातच.

हे औंधचे राजे म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी. या लेखातले सगळ्यांत मोठे छांदिष्ट तेच. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचा विषय त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेपुढे मांडला आणि त्यासाठी लाख रुपये देऊ केले. पण तरुणपणी त्यांना लागलेलं वेड अगदीच वेगळं होतं. त्याचं नाव सँडो.

युजेन सँडो हा प्रशियात जन्मलेला पहिलवान त्या वेळचा जागतिक तारा होता. १९०१ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, तिथे परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल होते. सँडोचं मासिक होतं, टपालानं व्यायाम शिकवण्याचे वर्ग होते, उपकरणं होती. त्यातला एक डंबेल मजेशीर होता. उभा चिरून दोन भाग केलेला आणि मधे स्प्रिंगा. मूठ घट्ट आवळून दोन्ही भाग सतत मिटलेले ठेवायचे आणि हात वरखाली करायचा. लक्ष हललं की डंबेल उघडलाच. व्यायाम करताना मन त्या स्नायूवर हवं, हा सँडोचा आग्रह. ही निव्वळ जाहिरात नव्हती. हलक्या आणि मध्यम वजनांबरोबर व्यायाम करताना लक्ष एका स्नायूवर एकवटलं तर त्यातली विद्युतक्रिया वाढते, हे अलीकडच्या प्रयोगांत दिसलं आहे. वजन फार जड झालं की मात्र हा फरक उरत नाही.

भवानरावांनी १८९७ साली सँडोची उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि दहाएक वर्षं इमानेइतबारे व्यायाम केला. पुढे मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्कार घालायचा सल्ला दिला. १९०८च्या सुमारास राजेसाहेबांनी स्प्रिंगांना रजा दिली आणि सतरंजीवर आले. पुढचं आयुष्यभर तेच.

बदललं काय? सँडोच्या पद्धतीत एका वेळी एक स्नायू आणि स्प्रिंगेचा ठरावीक जोर. नमस्कारात सगळं अंगच वजन म्हणून वापरायचं. मांड्या, पाठ, खांदे एकाच आवर्तनात कामाला लागतात, डोकं कधी हृदयाच्या वर तर कधी खाली. मोठे स्नायू एकदम राबले की हृदयाची गती चढते. म्हणून भराभर घातलेले नमस्कार दमवतात आणि संथ घातलेले ताणाच्या व्यायामासारखे वाटतात. शिवाय विलायतेहून काही मागवावं लागत नाही. औंधसारख्या लहान संस्थानाला हे परवडणारं होतं. राजेसाहेबांनी ते शाळांत सक्तीचं करून टाकलं. भल्या सकाळी रांगेत उभ्या केलेल्या पोरांचं त्यावर काय मत होतं, याची कल्पना कुठल्याही शाळकरी मुलाला विचारून यावी.

प्रत्येक नमस्काराबरोबर म्हणायच्या ‘ह्रां, ह्रीं’ या बीजाक्षरांनी शरीरातल्या ठरावीक अवयवांना कंपनं पोचतात आणि ते सुधारतात, असा राजेसाहेबांचा सिद्धांत होता. याला वैज्ञानिक पुरावा नाही. इतकंच सांगता येईल की तोंड मिटून गुणगुणल्यावर नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू नेहमीच्या उच्छ्वासाच्या सुमारे पंधरा पट होतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांना २००२ साली आढळलं. तो नाकाच्या पोकळ्यांपुरता मामला आहे. त्यावरून यकृताला काही कळतं असं नव्हे.

१९३६ साली राजेसाहेब लंडनला गेले. ‘न्यूज क्रॉनिकल’च्या लुइस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. साठी उलटलेल्या राजाचा तरतरीतपणा बघून लंडनकरांना कुतूहल वाटलं आणि १९३८ साली मॉर्गनबाईंनी संपादित केलेलं राजेसाहेबांचं इंग्रजी पुस्तक तिथे निघालं. त्यात नमस्काराच्या अवस्था दहा आहेत. आज बहुतेक ठिकाणी बारा शिकवतात. ज्याची उपकरणं औंधला येत होती त्या सँडोच्या कर्मभूमीत आता औंधचा व्यायाम निघाला होता. सँडो हे बघायला नव्हता, तो १९२५ सालीच गेला.

आपल्याकडे सूर्यनमस्कार म्हणजे योगाचाच भाग, आणि तोही हजारो वर्षांपासून, असं सर्रास सांगितलं जातं. पण तीसच्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णम्माचार्य योगासनं शिकवत होते, तेव्हा तिथे सूर्यनमस्कारांचा वर्ग वेगळा भरत असे. व्यायाम म्हणून त्याचा आजचा पसारा बऱ्याच अंशी औंधच्या या खटाटोपाचं देणं आहे, आणि योगदिनाच्या भाषणांत भवानरावांचं नाव एकदा तरी यायला हरकत नाही.

औंधला गेलात तर यमाईच्या डोंगरावरचं त्यांचं १९३८ सालचं श्रीभवानी संग्रहालय चुकवू नका. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आहे.