ऑर्डेरिक व्हिटॅलिस

(१६ फेब्रुवारी १०७५–सु. ११४२). आंग्ल-नॉर्मन इतिहासकार व बेनेडिक्टाइन पंथाचा मठवासी. जन्म इंग्लंडमधील श्रूझबरीजवळ. त्याचा पिता ओदेलेरिअस हा ऑर्लेआँहून आलेला फ्रेंच धर्मोपदेशक, माता इंग्रज. १०८५ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, पित्याने त्यास नॉर्मंडीतील सँ-एव्हरूल मठास अर्पण केले. तेथील भाषाही त्यास अवगत नव्हती. पितापुत्रांची पुन्हा भेट झाली नाही. मठात त्याचे ‘व्हिटॅलिस’ असे नामकरण झाले व ११०७ मध्ये त्यास धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. काही प्रवास वगळता त्याचे उर्वरित आयुष्य तेथेच व्यतीत झाले. तथापि तो स्वतःस इंग्लंडचाच म्हणवीत असे.

झुमिएजच्या विल्यमने लिहिलेल्या नॉर्मन ड्यूकांच्या इतिहासात त्याने प्रथम भर घातली. हिस्टोरिया एक्लेसिअ‍ॅस्टिका हा त्याचा प्रमुख लॅटिन ग्रंथ १३ भागांचा असून तो ११४१ च्या सुमारास पूर्ण झाला. मठाचा वृत्तांत म्हणून आरंभिलेल्या या ग्रंथात पुढे नॉर्मनांचा इंग्लंड, दक्षिण इटली व पहिले धर्मयुद्ध यांतील इतिहास आला. सरदार घराण्यांचे विवाह, कलह व देणग्या यांविषयीची त्यातील माहिती मोलाची आहे. पहिल्या विल्यमच्या गुणांची प्रशंसा करूनही, १०६९-७० मध्ये उत्तर इंग्लंड उद्ध्वस्त करून निरपराध प्रजेस उपासमारीच्या खाईत लोटल्याबद्दल त्याने त्याचा स्पष्ट निषेध केला आहे. कालक्रमाची विस्कळीत मांडणी व पात्रांच्या मुखी घातलेली कल्पित भाषणे हे त्याच्या लेखनातील दोष होत. ग्रंथाच्या बहुतेक भागाचे त्याचे स्वहस्तलिखित उपलब्ध आहे. मार्जरी चिबनल यांनी त्याची इंग्रजी अनुवादासह चिकित्सक आवृत्ती सहा खंडांत प्रसिद्ध केली (१९६९–८०).