मोटारीचें पाणी जातें कोठें?

मोटारीच्या टाकींतील कूलंट वारंवार कमी होऊं लागला, कीं मालकाच्या मनांत पहिली शंका येते ती हेड गॅस्केटची. सिलिंडर-ब्लॉक व हेड यांच्या सांध्यांत दाबून बसविलेला हा पातळ थर ज्वलनाचे वायु, तेल व पाणी यांस परस्परांपासून अलग ठेवतो. तो फुटल्यास दुरुस्तीचा खर्च मोठा. म्हणूनच निदानावांचून हेड उतरविणें हा निव्वळ अपव्यय होय.

प्रथम एंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. तापलेल्या यंत्रणेंत दाब असल्यानें पाणी १०० अंशांपलीकडेही उकळत नाहीं. झांकण काढतांच मात्र तें उसळून अंग भाजतें. मग रेडिएटर, रबरी नळ्या व वॉटर पंप यांवर ओल किंवा वाळलेले डाग आहेत काय, तें पाहावें. हातपंपानें सुमारें १ बार दाब भरल्यास बाहेरची गळती बहुधा उघडकीस येते.

बाहेर कांहींच न आढळल्यास लक्ष आंत वळवावें. एंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून येणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, टाकींतील सततचे बुडबुडे व दुधाळलेलें तेल हीं संशयाचीं चिन्हें होत. केवळ तेलाच्या झांकणाखालीं साय दिसली म्हणून घाबरूं नये. थंडींत जवळच्या फेऱ्यांनींही तेथें बाष्प सांठतें. खात्रीसाठीं टाकीच्या तोंडाशीं जमणारी हवा निळ्या परीक्षक द्रवांतून ओढतात. पेट्रोलच्या गाडींत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड तींत असेल, तर द्रव पिवळा होतो.

असा पुरावा मिळाल्यावर गाडी चालवूं नये. पाणी मिसळलेलें तेल बेअरिंगें झिजवितें व अति तापलेलें ॲल्युमिनियमचें हेड वांकतें. सैल क्लिपेसाठीं हेड उतरविणारा आणि फुटलेल्या गॅस्केटवर रोज पाणी ओतणारा, दोघेही सारखेच नाडले जातात.