ब्रेक मोजणारी गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात मर्सिडीजची २००३-०४ सालची ई-क्लास दिसली की गिऱ्हाईक आधी वाकून मीटर बघतं. किती किलोमीटर पळाली? मग रंग, टायर, आतलं लेदर. या गाडीत मात्र आणखी एक मोजणी चालू असते आणि ती डॅशबोर्डवर कुठेच दिसत नाही. ब्रेकवर किती वेळा पाय पडला, याचा हिशेब ही गाडी जन्मापासून स्वतःच्या पोटात ठेवत आलेली असते.

कंपनीच्या भाषेत हिचं नाव डब्ल्यू २११. २००२ साली ती युरोपात आली, २००९ पर्यंत बनत राहिली आणि जगभरात १५ लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. पुणेकरांना ती परकी नाही. १९९५ साली पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात मर्सिडीज जुळवायला सुरुवात झाली आणि २००९ मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. त्या मधल्या वर्षांत ही ई-क्लासही पुण्यातच जुळवली जायची. तेव्हा बिल्डरांच्या आणि पुढाऱ्यांच्या दारात दिसणारी गाडी आज एखाद्या साध्या नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळून जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला इथेच सुरू होतो.

त्यातला सर्वांत महाग मसाला म्हणजे सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल. मेकॅनिकांच्या तोंडी नुसतं एसबीसी. बॉशसोबत घडवलेली ही व्यवस्था २००१ मध्ये एसएल या स्पोर्ट्‌स कारमध्ये आली आणि पाठोपाठ ई-क्लासमध्ये. साध्या गाडीत पेडल दाबलं की पायाचा जोर तेलातून थेट चाकापर्यंत पोचतो. इथे पेडल फक्त निरोप देतं. सेन्सर तो निरोप वाचतो, विजेवर चालणारा पंप आधीच दाब साठवून बसलेला असतो आणि कोणत्या चाकाला किती ब्रेक द्यायचा ते संगणक ठरवतो. पायाला जो कडकपणा जाणवतो तोसुद्धा खोटा, मुद्दाम तयार केलेला. पावसात ही यंत्रणा अधूनमधून पॅड डिस्कला हलकेच टेकवून पाणी पुसून घेते. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

यंत्रणा इतकी जागरूक, की गाडीचं दार उघडलं तरी पंप जागा होतो. म्हणून पॅड बदलण्याआधी तिला स्कॅनर लावून झोपवावं लागतं. नाहीतर पिस्टन अचानक पुढे येतो आणि बोटं चिरडतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ही गाडी देऊ नये याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

आता त्या मोजणीकडे येऊ. सुमारे ३ लाख ब्रेक झाले की पंपाचं आयुष्य संपलं असं संगणक मानतो आणि पडद्यावर लाल अक्षरांत इशारा झळकतो. दिवसाला १०० ब्रेक धरले तर ३ लाखांना ८ वर्षं लागतात. मुंबईच्या गर्दीत २०० धरले तर जेमतेम ४. त्यामुळे एक्स्प्रेस वेवर पळालेली दीड लाख किलोमीटरची गाडी अंधेरी-दादर करणाऱ्या पन्नास हजारवालीपेक्षा तरुण असू शकते. यंत्रणा बंद पडली तर पेडलचा जोर तेलातून जातो, पण फक्त पुढच्या दोन चाकांना. गाडी थांबते, मात्र पेडल खोल जातं, पाय भक्कम रेटावा लागतो आणि थांबायला अंतर जास्त लागतं.

मे २००४ मध्ये याच ब्रेकसाठी कंपनीने ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या. मार्च २००५ मध्ये आकडा १३ लाखांवर गेला. त्या खेपेला ब्रेकबरोबर अल्टरनेटरचा व्होल्टेज रेग्युलेटर आणि बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअरही तपासायचं होतं. ब्रेकच विजेवर चालतात म्हटल्यावर बॅटरीचं दुखणं ब्रेकपर्यंत पोचणारच. २००६ च्या सुधारित ई-क्लासमधून एसबीसी निघून गेली आणि जुने, तेलावर चालणारे ब्रेक परत आले.

अशा परत बोलावण्यांच्या, म्हणजे रिकॉलच्या यादीला मात्र दोषांची संपूर्ण यादी समजू नये. जिवाला धोका असेल तेवढंच तिथे येतं. खिशाला धोका असलेलं बाहेर राहतं. २००८ पर्यंतच्या बऱ्याच व्ही-सिक्स पेट्रोल इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं गिअर अवेळी झिजतं. सुटा भाग फार महाग नाही, पण तिथे हात पोचायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. अमेरिकेत ग्राहकांनी यावरून कंपनीला कोर्टात खेचलं. सुरुवातीच्या काही गाड्यांत रेडिएटर आतून फुटून गिअरबॉक्सच्या तेलात कूलंट मिसळतं. एअर सस्पेन्शनच्या रबरी फुग्यांना भेगा पडतात, हवा गळते आणि ती भरता भरता कॉम्प्रेसर दमतो. याची परीक्षा फुकट आहे: गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी कोणता कोपरा बसलाय ते पाहावं.

म्हातारपणीही रिकॉल सुटत नाही. २०१९ च्या अखेरीस अमेरिकेत सुमारे साडेसात लाख जुन्या मर्सिडीज परत बोलावल्या गेल्या आणि त्यात ही पिढीही होती. कारण? सनरूफची काच धरून ठेवणारा गोंद. तो सुटला तर धावत्या गाडीची काच उडून मागच्याच्या अंगावर जाऊ शकते.

आपल्याकडे सक्तीच्या रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, तेही उत्पादनापासून ७ वर्षांपर्यंतच्या वाहनांना. विशी गाठलेली ही ई-क्लास त्या छत्रीबाहेर उभी आहे, त्यामुळे चौकशी घेणाऱ्यानेच करायची. चॅसी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कोणतं काम झालं, कोणतं राहिलं ते विचारावं. गाडी २००६ च्या बदलाआधीची की नंतरची, याची खात्री करावी. आधीची असेल तर मर्सिडीजचा स्कॅनर लावून पंपाची मोजणी वाचून घ्यावी आणि पंप बदलला असेल तर त्याचं बिल मागावं.

विकणारा म्हणेल, एकहाती गाडी आहे, डॉक्टरसाहेब वापरायचे. असेलही. डॉक्टरसाहेबांनी किती वेळा ब्रेक दाबला, ते गाडीला ठाऊक आहे. तिला विचारायला तासभर लागतो.